छत्रीवर मारलेला शिक्का

एका मतानं काय फरक पडतो, असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते. वाद घालायला गेले तर मला सगळंच सांगावं लागेल. माझ्या एका मतानं दौंड तालुक्यातल्या एका वस्तीला सिमेंटचे दोन सिंह मिळाले आणि ओढ्यावरची मोरी मागे पडली. आता इतकी वर्षं झाली, सिंहांचे कानही पडले, तेव्हा सांगायला हरकत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. माहेर शिरूर तालुक्यातलं, कोरेगाव भीमाजवळचं. वडिलांची पिठाची गिरणी होती, आणि गिरणीत दळणापेक्षा राजकारण जास्त दळलं जायचं. वडील पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून गिऱ्हाइकांना सांगायचे, "मत देनं म्हंजी सोयरीक करनं. आधी चौकशी करा, मागनं रडू नका." मतदानाच्या दिवशी ते धोतराला इस्त्री करून घ्यायचे. असल्या माणसाची मी मुलगी, आणि पहिल्याच मताला मी जे केलं ते त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सासर वरवंड आणि कुरकुंभच्या मधे, हायवेपासून आत, ओढ्याच्या पलीकडे. वीसेक उंबऱ्यांची वस्ती, सगळी एकाच भावकीची. मागच्या पिढीपर्यंत ही माणसं मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायची. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, दारात जर्सी गाया आल्या आणि पायांची वणवण थांबली. आमचे हे कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. घरी मी, गाया आणि सासूबाई.

आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाईंचा आवाज हा एक स्वतंत्र विषय होता. तरुणपणी डोंगराच्या या अंगाला उभं राहून त्या अंगाच्या मेंढरांना हाका मारलेल्या. तो आवाज घरात कसा मावणार? त्या "मीठ दे" म्हणाल्या की शेजारचा कुत्रा उठून उभा राहायचा. अक्षर एक येत नव्हतं, पण कुठल्या गायीनं कधी किती दूध दिलं हे तोंडपाठ. मला त्या माझ्या नावानं कधीच हाक मारायच्या नाहीत. गोडीत असल्या की "सूनबाय", रागात असल्या की "ए कोरेगावकरीण." दिवसातून मी किती वेळा कोरेगावकरीण व्हायचे ते विचारू नका.

वस्तीचं एकच मोठं दुखणं होतं, तो ओढा. एरवी कोरडाच असायचा. पण कालव्याला आवर्तन सुटलं की जास्तीचं पाणी ह्या ओढ्यात यायचं, तेही न सांगता. सकाळी पाय भिजत नसत, दुपारी कमरेएवढं पाणी. शाळा पलीकडे, डेअरीचा टेंपो पलीकडे, कुरकुंभची गाडीही पलीकडे. आमचे हे पँट डोक्याला गुंडाळून कंपनीत जायचे. आत्याबाई म्हणायच्या, "जनावराला उतार दावावा लागतो, तवा ते उतरतं. मानसाला निस्तं पानी दावत्यात ह्ये." त्यांना मोरी पाहिजे होती. न्हाणीघरातली नव्हे, ओढ्यात सिमेंटचे मोठे पाइप टाकून वर मुरूम पसरला की जो छोटा पूल होतो, ती मोरी.

तर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातली एक जागा बाईसाठी राखीव निघाली. वस्तीवरच्या बाया धुण्याच्या दगडावर जमल्या आणि त्यांनी तिथंच ठरवलं की आत्याबाईंनी उभं राहायचं. "तुमचा आवाज तेवढा पंचायतीत गेला तरी निम्मं काम व्हईल," असं एकजण म्हणाली. आत्याबाईंनी ओल्या साडीनं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाते की. मला काय कुनाची भीती हाय?"

दुसऱ्याच दिवशी धाकल्या चुलत्यांनी आपल्या बायकोचा अर्ज भरला. हे काका म्हणजे सासऱ्यांचे सख्खे भाऊ. आमचं अंगण एकच, मधे एक लिंबाचं झाड. काकी म्हणजे देवमाणूस. आवाज इतका हळू की चहा घेतेस का म्हणून विचारलं तरी आपण "काय?" म्हणायचं. माझ्यावर मात्र त्यांचा फार जीव. आत्याबाईंची नजर चुकवून माझ्या कपात साखर जास्त घालायच्या. काकींना निवडणुकीत काडीचा रस नव्हता. पुढारी व्हायची हौस काकांना होती आणि जागा बाईची निघाल्यामुळे त्यांचा नाइलाज झाला होता.

आत्याबाईंना चिन्ह मिळालं कपबशी, काकींना छत्री. काका ऐन उन्हात काळी छत्री उघडून वस्त्या-वस्त्यांवरून हिंडायला लागले, मागं पोरांची वरात. आत्याबाईंचा प्रचार वेगळ्याच कारणानं अवघड झाला. त्या खरीखुरी कपबशी हातात घेऊन घरोघर जायच्या, आणि ज्या घरी जातील तिथली बाई ती कपबशी भरून चहाच द्यायची. नाही म्हणावं तर मत जायचं. संध्याकाळपर्यंत त्यांचं पोट नगाऱ्यासारखं वाजायचं. "निवडून यीन नायतर पित्तानं मरीन," असं म्हणत त्या अंगणात आडव्या व्हायच्या आणि काकी, म्हणजे विरोधी उमेदवार, त्यांना आल्याचा रस आणून द्यायच्या. दिवसभर एकमेकींच्या विरोधात हिंडून दोघी लिंबाखाली एका सुपात तांदूळ निवडायच्या. इतकी मजेची निवडणूक मी पुन्हा पाहिली नाही.

सगळे म्हणत होते, आत्याबाई सहज निघतात. मीही तेच धरून चालले होते.

मतदानाचा दिवस उजाडला. आमचे हे पहिल्या शिफ्टला पहाटेच गेलेले. येताना मत देणार होते. वस्तीच्या बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आमच्या अंगणात जमायला लागल्या, कारण सगळ्यांनी मिळून ओढा ओलांडून शाळेत जायचं ठरलेलं. मी चुलीवर दूध ठेवलं होतं. केसांत आकडा अडकवायला म्हणून आरशापाशी गेले, तेवढ्यात दूध उतू गेलं. चांगलं पातेलंभर.

आत्याबाई धावत आल्या आणि तो सुप्रसिद्ध आवाज सुटला. "ए कोरेगावकरीण! धा यत्ता शिकून दूध राखता यीना व्हय गं? गिरनीत पीठ उडवायची सवय, हितं दूध उडवतीया!" पंधरा-वीस बाया उभ्या. काही फिदीफिदी हसल्या. काकी तेवढ्या पुटपुटल्या, "असू द्या वो, पोर हाय." माझे कान तापले. माझ्या वडिलांच्या गिरणीला नाव ठेवलेलं! मला बोला, पण गिरणीला? मी चूल पुसली, पदर खोचला आणि एक शब्द न बोलता सगळ्यांच्या मागे चालायला लागले. माझा राग असाच. फुटत नाही, आतल्या आत शिजतो.

शाळेत रांग होती. बोटाला शाई लावली, हातात कागद आणि रबरी शिक्का दिला आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला पाठवलं. आयुष्यातलं पहिलं मत. कागदावर कपबशी आणि खाली छत्री. कपबशीकडे हात गेला खरा, पण त्या कपाच्या तोंडातून मला "ए कोरेगावकरीण" असं ऐकू यायला लागलं. मनात म्हटलं, तशाही निवडून येणारच आहेत, माझ्या एका मतानं कुठं अडतंय? आणि मी छत्रीवर शिक्का मारला. असा दाबून मारला की कागद फाटतो की काय.

खोटं कशाला सांगू, बाहेर आले तेव्हा मला फार आनंद झाला होता. कुणाला कळणार नाही आणि फिटंफाट झाली. ओढ्यापर्यंत मी जवळजवळ गाणं म्हणत आले.

दुपारी आत्याबाई परतल्या. सकाळपासून बूथजवळ थांबून चेहरा उन्हानं काळवंडलेला. गाणं म्हटलं तरी माझा रुसवा सुटला नव्हता; मी जेवले नव्हते, हे त्यांनी दुरडीतल्या भाकरी मोजून ओळखलं.  भाकरीवर ठेचा घातला, वर तेलाची धार धरली आणि माझ्या हातावर ठेवली. "खा. मत दिलं की भूक लागती," म्हणाल्या. मी पहिला घास घेतला आणि माझा सगळा राग त्या घासाबरोबर पोटात गेला. पण शिक्का पेटीत होता.

मतमोजणी दुसऱ्या दिवशी दौंडला होती. दुपार कलताना टेंपो आला, गुलालानं लाल, आणि टपावर छत्री उघडून काका. आमचे हे मागून चालत आले आणि खाली मान घालून म्हणाले, "जागा एका मतानं गेली. मतं दोनदा मोजली."

 एका मतानं! मी शिकलेली होते, मला हिशेब लगेच कळला. माझा शिक्का कपबशीवर पडला असता तर काकींचं एक कमी आणि आत्याबाईंचं एक जास्त. आत्याबाई एका मतानं आल्या असत्या. त्यांना पाडलं मी. गावानं नाही, विरोधकांनी नाही, घरात बसून त्यांची भाकरी खाणाऱ्या सुनेनं.

आत्याबाई क्षणभर लिंबाच्या बुंध्याला टेकल्या. मग तरातरा टेंपोकडे गेल्या, मूठभर गुलाल उचलला आणि काकींच्या तोंडाला असा फासला की काकींना शिंका सुटल्या. "घरातच ऱ्हायली की गं जागा!" म्हणून त्या गडगडून हसल्या. त्यांनी आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या हसण्यानं मी पार खचले.

पुढचे काही दिवस मी वेड्यासारखी कामं केली. गोठा दोनदा झाडला, आत्याबाईंच्या पायांना तेल लावलं, न सांगता त्यांची लुगडी धुतली. चौथ्या दिवशी त्यांनी मला निरखून पाहिलं आणि दबक्या आवाजात, म्हणजे फक्त आमच्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "सूनबाय, तुला दिस गेल्यात का काय?" सांगून टाकायची ती वेळ होती. मी नुसती नकारार्थी मान हलवली आणि शेणाची पाटी उचलून पळाले.

वर्षभरात वस्तीच्या नावानं निधी आला. काकींच्या जागी पंचायतीत काकाच जाऊन बसायचे आणि काकी घरी जिथं सांगतील तिथं सही करायच्या. काकांनी ठरवलं, वस्तीला स्वागत कमान बांधायची. मोठी, दोन खांबांची, वर वस्तीचं नाव, खाली काकींचं आणि काकींपेक्षा मोठ्या अक्षरांत काकांचं. पण सिमेंटचा ट्रक ओढा ओलांडून येईना. म्हणून कमान ओढ्याच्या पलीकडेच, रस्त्याच्या बाजूला उभी केली. म्हणजे पाहुण्यानं कमानीतून आत यायचं, "सुस्वागतम्" वाचायचं आणि पुढं बघावं तर कमरेएवढं पाणी.

खांबांवर दोन सिंह बसवले. कारागिरानं जन्मात सिंह पाहिला नसावा. अंग गोल, तोंड लांबुळकं, आयाळ कुरळी. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी काठीला टेकून बराच वेळ पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "मेंढरं झ्याक जमल्यात."

पुढच्या आवर्तनाला ओढा भरला तो चार दिवस उतरलाच नाही. टेंपो रोज कमानीखाली येऊन हॉर्न वाजवायचा आणि रिकामा जायचा. वीस घरांचं दूध अलीकडे अडकलं. शेवटी बायांनी सगळ्यांच्या चरव्या एकत्र केल्या, ओढ्याकाठी चूल मांडली आणि मोठ्या कढईत बासुंदी आटवली. सगळी वस्ती काठावर बसून बासुंदी प्यायली. पलीकडे दोन सिंह, अलीकडे आम्ही मिशांना साय लावून. पोरांना तर आवर्तन कायमचं असावं असं वाटत होतं. पण कितीही गोड असली तरी ती आमच्या दुधाच्या पगाराची बासुंदी होती, आणि प्रत्येक वाटीला कुणीतरी काकांचा उद्धार करत होतं.

"गप ऱ्हावा," आत्याबाई कढईत उलथणं फिरवत म्हणाल्या. "कमान भावजींनी न्हाई बांधली. आपन बांधली. शिक्का आपन मारला न्हवं? मग आता सिंव्ह बगा आन् बासुंदी प्या."

मी वाटी खाली ठेवली. त्यांना कळलंय, असं मला वाटलं. पण त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या ओढ्याकडे पाहत होत्या.

त्याच रात्री मी ठरवलं, सांगायचं धाडस नसेल तर निदान निस्तरायचं धाडस करावं. सकाळी मी वहीचा कागद फाडला आणि मोरीचा अर्ज लिहिला. दहावीला मराठीत माझे गुण चांगले होते; शिक्षकांनी शिकवलेला "आपली विश्वासू" त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला. तो लिहिताना माझा हात थोडा अडखळला, ती गोष्ट वेगळी. अर्ज आत्याबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि त्यांचा पाठ झाला. मग आम्ही दोघी काकींकडे गेलो. मेंबर त्या होत्या; अर्ज त्यांनी मांडायला पाहिजे होता.

"मला न्हाई बोलता येत," काकी घाबरून म्हणाल्या.

"बोलू नगंस. खुर्चीत बस निस्ती," आत्याबाई म्हणाल्या. "बोलायला मी हाय की मागं."

एक मे रोजी ग्रामसभा होती. देवळासमोरच्या मांडवात मेंबरांच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि काकींच्या खुर्चीत नेहमीसारखे काका. बाया मागे, चपलांजवळ. आम्ही तिघी सगळ्या मांडवातून चालत पुढं गेलो. आत्याबाई काकांच्या समोर उभ्या राहिल्या.

"भावजी, उठा."

"वैनी, सभा चाललीया."

"म्हनून तर म्हंते, उठा. मतं हिला पडल्यात. तुमाला कुनी दिली व्हती?"

मांडवात हशा पिकला. काका उठले. काकी खुर्चीच्या कडेला बसल्या, पाटावर बसलेल्या नवरीसारख्या. अर्ज त्यांनी दोन्ही हातांनी ग्रामसेवकापुढे धरला आणि इतक्या हळू बोलल्या की सगळ्या मांडवाला गप्प बसावं लागलं. "आमच्या पोरान्ला मोरी पायजे," एवढंच. त्या वर्षभरात पंचायतीत त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. मागून आत्याबाईंनी अख्खा अर्ज खड्या आवाजात म्हणून दाखवला, अगदी "आपली विश्वासू" सकट. ग्रामसेवकानं हसत लिहून घेतलं. पाइप पंचायत देईल, मुरूम आणि अंगमेहनत वस्तीनं द्यायची, असं ठरलं.

पाइप आले. कालवा बंद होता, ओढा कोरडा ठणठणीत. एका रविवारी सकाळी सगळी वस्ती कमानीखाली जमली. काकांनी रुसवा सोडून स्वतःच्या ट्रॅक्टरनं मुरूम आणून टाकला होता. ढीग तयार, फावडी तयार, पाट्या तयार. आणि सुरुवात कुणी करीना.

एक आप्पा होते, वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे आणि सगळ्यांत तिरसट. ते काठी रोवून म्हणाले, "आमी का म्हनून उचलावं? आमी कपबशीला मारला व्हता. ज्यांनी छत्रीला मारला त्यांनी उचला पाट्या. ज्याचं पाप त्यानं फेडावं."

"मी बी कपबशीलाच," दुसरा म्हणाला.

"आमच्या घरची तर सगळी कपबशीला."

बघता बघता वस्तीतल्या झाडून सगळ्यांनी कपबशीला मत दिल्याचं निघालं. छत्रीला मत देणारं एक माणूस उरलं नाही. काका बिचारे ट्रॅक्टरवर बसून एकेकाचं तोंड पाहत होते. छत्री घेऊन आपण निवडून तरी कसे आलो, हे त्यांना कळेना. मला हसू येत होतं. एवढ्या सगळ्यांनी खोटं बोलल्यावर मीही गप्प राहिले असते तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण गप्प राहून राहून माझा जीव मेटाकुटीला आला होता. आणि मुरूम तिथंच पडून राहिला असता.

मी पुढं झाले. पाटी भरली. "मी मारला होता छत्रीला," असं म्हणाले आणि पाटी डोक्यावर घेतली.

 आमच्या ह्यांच्या हातातलं फावडं हवेतच राहिलं. मला वर बघायचं धाडस होईना. आता तो आवाज सुटणार, आता ओढ्याच्या दोन्ही काठांना कळणार की ही सून कसली आहे. कदाचित कोरेगावला परत पाठवतील. 

आत्याबाईंची पावलं वाजली. त्या ढिगापाशी आल्या, वाकल्या, हातांनीच मुरूम ओढून त्यांनी दुसरी पाटी भरली.

"तुमी कशापायी वो वैनी?" आप्पा म्हणाले. "तुमी ऱ्हावा. तुमी तर पडलेल्या."

"मी बी छत्रीलाच मारला," आत्याबाई म्हणाल्या.

आता मात्र लोकांनी आ वासला. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच ओशाळं हसू पाहिलं. "आता आपनच आपल्याला मत कसं द्यायचं? पंगतीत बसून आपल्याच पानात आपन वाढून घेतो का? लाज वाटली मला. म्हटलं, एक आपलं हिला देऊ, हिचं तोंड तरी पडनार न्हाई. येवढी सगळी देनार हायेत तर माज्या एकानं काय व्हतंय?"

मी तशीच पाटी घेऊन खाली बसले. म्हणजे स्वतःला त्यांनीही पाडलं होतं! दोघींपैकी एकीनं जरी अक्कल वापरली असती तरी मोरी पहिल्याच वर्षी झाली असती आणि सिंह जन्मालाच आले नसते. मी रागानं, त्यांनी भिडेनं, दोघींनी एकाच घरातून जाऊन एकाच छत्रीवर शिक्के मारले होते, आणि दोघींनाही वाटलं होतं की उरलेले सांभाळून घेतील.

तेवढ्यात काकी पुढं आल्या आणि त्यांनी तिसरी पाटी उचलली. "मी बी छत्रीलाच मारला," त्या त्यांच्या बारीक आवाजात म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलं व्हतं म्हनून. मला तर तुमालाच द्यायचं व्हतं, बाई."

मग जो हशा उठला तो काय सांगू. आप्पांची काठी गळून पडली. ट्रॅक्टरवरून काका उतरले आणि गुमान फावडं घेतलं. आप्पांनी दोनदा खाकरून घेतलं आणि, "तसा आमच्याबी घरचा एकजन छत्रीला गेला आसंल," असं म्हणत पाटी मागितली. त्यानंतर कुणी कुणाला काही विचारलं नाही. दुपारपर्यंत पाइप बसले, उन्हं उतरायच्या आत मुरूम पसरून झाला. पोरं नव्या मोरीवरून उगीचच इकडून तिकडे पळत होती. अंग दुखत होतं आणि इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर आत्याबाई आणि मी मोरीच्या कडेला पाय सोडून बसलो. मला वाटलं होतं, आता त्या विषय काढणार नाहीत. त्यांनी काढलाच.

"माजं कळलं तुला. तू का मारला गं?"

मी सांगितलं. दूध उतू गेलेलं, तुम्ही सगळ्या बायांसमोर बोललात, माझ्या वडिलांची गिरणी काढलीत. सांगताना इतक्या दिवसांनी पुन्हा डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं नव्हतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गिरणीचं ऐकून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "त्ये बोलाय नगं व्हतं." मग माझ्या केसांतला मुरूम झटकत त्यांनी विचारलं, "पन सूनबाय, पाच वर्साला पुरंल येवढा राग व्हता का गं तुजा?"

मला हातावरची भाकरी, ठेचा, तेलाची धार आठवली.

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "दुपारच्या भाकरीपर्यंतच व्हता."